खेळ कळतो, भाव कळत नाही

एप्रिलच्या मध्याला नॅशनल हॉकी लीग या आइस हॉकी स्पर्धेचे प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या, सुरू होतात आणि जूनपर्यंत कॅनडा-अमेरिकेत एक समजूत सुखेनैव नांदते. ज्याला हॉकी कळते तो सट्ट्यात कमावतो, ज्याला कळत नाही तो गमावतो, अशी ती समजूत. चाहता हे मानतो, जाहिराती हेच सांगतात आणि टीव्हीवरचे समालोचक मध्यंतरात भाव वाचून दाखवताना तेच गृहीत धरतात. या समजुतीचा विरोधकही फार खोल जात नाही. सगळा नशिबाचा खेळ, त्यात अक्कल कसली, एवढे म्हणून तो मोकळा होतो.

माझ्या मते दोघेही भलत्याच ठिकाणी बघत आहेत. सट्ट्यात कोण टिकतो आणि कोण बुडतो हे ठरते ते भावावर, म्हणजे एखाद्या निकालाची बुकीने जी किंमत लावलेली असते तिच्यावर. खेळाची जाण आणि भावाची जाण या दोन वेगळ्या विद्या आहेत. एकीत पारंगत असलेला माणूस दुसरीत निरक्षर असू शकतो आणि बहुधा असतोच. माझा दावा याच्याही पुढचा आहे. हॉकीच्या प्लेऑफमध्ये खेळाची जाण माणसाला भावाबाबत अधिकच आंधळे करते, म्हणून जाणकार चाहता हे या धंद्याचे सर्वांत भरवशाचे गिऱ्हाईक ठरते.

१. पक कुणाला लागून जातो

आधी खेळाचा पोत बघू. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची रबराची चकती. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. एक संघ सामन्यात साधारण ३० फटके गोलवर मारतो, त्यांतले तीनच्या आसपास आत जातात. प्लेऑफमधले बरेच गोल कसे होतात ते जवळून पाहिले की गंमत कळते. बचावपटू निळ्या रेषेवरून फटका मारतो. गोलरक्षकाच्या डोळ्यांपुढे दोन-तीन धिप्पाड देह एकमेकांना रेटत उभे असतात. वाटेत पक कुणाच्या काठीला, कुणाच्या स्केटला, कधी तर बचाव करणाऱ्याच्याच पोटरीला चाटून जातो. गोलरक्षक पहिल्या दिशेने खाली बसलेला असतो आणि पक दुसऱ्या बाजूने आत. याला कौशल्य म्हणायचे तर म्हणा, गर्दी करण्याचे कौशल्य असतेच. पण पक कुठल्या पोटरीला लागेल हे कुणी ठरवलेले नसते.

आता ‘गोलरक्षक पेटलाय’ या प्लेऑफमधल्या लाडक्या वाक्याचा हिशेब करू. साधारण गोलरक्षक शंभरातले ९१ फटके अडवतो असे धरू आणि उत्तम गोलरक्षक ९२.५. सात सामन्यांत मिळून सुमारे २१० फटके येतात. साधारण गोलरक्षक त्यांत १९ गोल खाईल, उत्तम गोलरक्षक १६. फरक तीन गोलांचा. मात्र २१० फटक्यांत निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार चार गोलांचा असतो. म्हणजे एका मालिकेत एखादा गोलरक्षक थोर दिसला तर तो थोर आहे की त्या पंधरवड्यात पक त्याच्या अंगावर येऊन आदळत होते, हे आकड्यांवरून सांगता येत नाही. चाहता मात्र छातीठोकपणे सांगतो, कारण त्याने सामना पाहिलेला असतो.

२. सातांच्या मालिकेचे गणित

‘पण मालिका सात सामन्यांची असते, तिथे योगायोग धुऊन निघतो,’ असे यावर ऐकू येते. किती धुऊन निघतो ते मोजता येते. एखादा संघ प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता ५५ टक्के असेल, तर चार विजय आधी मिळवून मालिका जिंकण्याची त्याची शक्यता ६१ टक्के होते. ६० टक्के असेल तर ७१. विजेतेपदाच्या स्टॅन्ले कपसाठी अशा चार मालिका ओळीने जिंकाव्या लागतात. समोर कुणीही असो, दर सामन्यात ६० टक्के शक्यता बाळगणारा संघ कल्पून पाहा. हॉकीत तो भलताच बलाढ्य संघ म्हणावा लागेल. तरीही त्याने कप उचलण्याची शक्यता सुमारे २५ टक्के, म्हणजे तीन-चतुर्थांश वेळा तो रिकाम्या हाताने घरी जाईल.

इतिहास या गणिताशी फारसा भांडत नाही. २०१८-१९ च्या मोसमात टँपा बे लायटनिंगने ८२ पैकी ६२ सामने जिंकले आणि पहिल्याच फेरीत कोलंबस ब्लू जॅकेट्सकडून ०-४ असा सडकून मार खाल्ला. २०२३ मध्ये बॉस्टन ब्रुइन्सने ६५ विजय आणि १३५ गुण असा लीगचा विक्रम केला. समोर फ्लोरिडा पँथर्स, जेमतेम ९२ गुणांवर आत शिरलेला संघ. बॉस्टन ३-१ ने पुढे होते. सातव्या सामन्यात शेवटचे मिनिट उरले असताना ब्रँडन मोंटूरने बरोबरी साधली आणि ओव्हरटाइममध्ये कार्टर व्हरहेगीने बॉस्टनला घरच्याच बर्फावर गाडले. २०१२ मध्ये लॉस एंजेलिस किंग्ज आपल्या विभागातून आठवे, म्हणजे शेवटचे म्हणून आत आले आणि कप घेऊन गेले. साखळीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याला प्रेसिडेंट्स ट्रॉफी देतात. २०१३ च्या शिकागोनंतर २०२५ पर्यंत तिच्या एकाही मानकऱ्याला त्याच वर्षी कप मिळालेला नाही.

प्लेऑफमध्ये बरोबरी झाली की वीस-वीस मिनिटांचे डाव खेळत राहायचे, पहिला गोल झाला की सामना संपला. १९९३ मध्ये मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने असे दहा ओव्हरटाइम सामने लागोपाठ जिंकले आणि कपही जिंकला. त्यानंतर २०२५ पर्यंत कॅनडातल्या एकाही संघाला तो मिळालेला नाही. मॉन्ट्रियलच्या त्या दहा विजयांची कथा पॅट्रिक रॉय या गोलरक्षकाच्या पोलादी मनाची म्हणून सांगतात. रॉय थोर होता यात वाद नाही. पण दर ओव्हरटाइममध्ये मॉन्ट्रियलला ६० टक्के शक्यता दिली तरी ओळीने दहा जिंकण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी भरते. पोलादी मनाला योगायोगाची भक्कम साथ होती, एवढे तरी मान्य करायला हवे.

३. किंमत कळल्याशिवाय मत म्हणजे काहीच नाही

इथवर वाचून ‘सगळे नशीबच’ म्हणणारा खूश झाला असेल. त्याने थोडे थांबावे.

२०२३ मध्ये बॉस्टन जिंकेल असे म्हणणारे चुकले का? माझ्या मते नाही. बॉस्टनचा संघ खरोखरच सरस होता. प्रश्न ‘कोण सरस’ हा नव्हताच, ‘कोणत्या भावाला’ हा होता. समजा एका सामन्यात बलवान संघाला १.६७ आणि दुबळ्याला २.३० भाव आहे, म्हणजे डॉलर लावून जिंकलात तर मुद्दलासह तेवढे परत. एकला या आकड्यांनी भागले की बुकीने गृहीत धरलेली शक्यता कळते. इथे ती येते ६० आणि ४३.५ टक्के. बेरीज १०३.५. शंभराच्या वरचे साडेतीन हे दुकानाचे, तिकडच्या बोलीत व्हिग किंवा ज्यूस. आपल्याकडच्या चोरट्या क्रिकेट सट्ट्यात लगाई आणि खाई यांच्यात जे अंतर असते, तेच हे.

बलवान संघ जिंकेल हे तुम्हाला कळते, तसे बुकीलाही कळते. ते भावात आधीच मुरलेले आहे. तुमच्या ज्ञानाला पैशात किंमत येते ती फक्त एका स्थितीत: बुकी ६० म्हणत असताना तुम्हाला ६५ का वाटतात हे तुम्ही सांगू शकता, आणि दीर्घकाळात तुमचे खरे ठरते. ‘एडमंटनची पॉवर प्ले (समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असतानाचा खेळ) जबरदस्त आहे’ हे वाक्य सट्ट्याच्या दृष्टीने निरर्थक आहे. ‘एडमंटनच्या पॉवर प्लेची किंमत बाजाराने कमी लावली आहे’ या वाक्याला अर्थ आहे. असे वाक्य बोलणारा चाहता माझ्या ऐकण्यात नाही.

त्यात प्लेऑफमध्ये संघ माहिती जाणूनबुजून दाबतात. खेळाडूला दुखापत झाली की ‘शरीराच्या वरच्या भागात’ किंवा ‘खालच्या भागात’ एवढेच सांगायचा रिवाज आहे. २०१३ च्या अंतिम मालिकेत बॉस्टनचा पॅट्रिस बर्जरॉन मोडलेली बरगडी घेऊन खेळला, सामन्यानंतर फुप्फुसाला छिद्र पडल्याचे कळले. हे सारे जगाला समजले तेव्हा कप शिकागोला गेलेला होता. चाहत्याचे ज्ञान हे बहुतेक असे, तिकीट फाटल्यानंतर पूर्ण होणारे.

४. दोन महिन्यांत काय शिकता येते

आता माझ्या युक्तिवादातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा. प्लेऑफमध्ये एकूण १५ मालिका, म्हणजे कमीत कमी ६० आणि जास्तीत जास्त १०५ सामने. आपण ८५ धरू. दोन माणसे सर्व ८५ सामन्यांवर सारखीच रक्कम लावतात, भाव दर वेळी १.९१. नुकसान टाळायला ८५ पैकी ४५ पैजा जिंकाव्या लागतात. पहिला माणूस नुसते नाणे उडवतो. दुसरा खरोखर तरबेज आहे, दीर्घकाळात ५५ टक्के वेळा बरोबर ठरणारा. या धंद्यात ५५ म्हणजे पोट भरण्याइतके कसब.

जून संपताना काय दिसेल? नाणे उडवणारा साधारण तीनांत एकदा नफ्यात असेल. तरबेज माणूस जवळजवळ तीनांत एकदा तोट्यात असेल.

आडाखे बांधण्याचे कोणतेही कसब माणूस चूक झाली की टोचणी, बरोबर आले की शाबासकी, अशानेच शिकतो. इथे टोचणी आणि शाबासकी दोन्ही जवळपास चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या आहेत. नाणे उडवणाऱ्याला वाटते आपल्याला हॉकी कळायला लागली. तरबेज आपली चांगली पद्धत मोडून टाकतो. पुढच्या एप्रिलला दोघेही नव्या खात्रीने परत येतात.

आणि जाणकाराची अवस्था नवख्याहून वाईट, कारण त्याच्याकडे कारणे असतात. नवखा हरला तर ‘माझे नशीब’ म्हणून उठतो. जाणकाराला २०२३ मध्ये बॉस्टनने सर्वोत्तम गोलरक्षकाची व्हेझिना ट्रॉफी मिळवणारा लिनस उलमार्क सातव्या सामन्यात बाहेर का बसवला आणि जेरेमी स्वेमन का उभा केला, हे ठाऊक असते. त्याची प्रत्येक हार ‘एवढे एक सोडले तर माझे बरोबरच होते’ या सदरात जमा होते. ज्ञान त्याला पराभवापासून शिकू देत नाही, पराभवाचा खुलासा पुरवते. अशा माणसाला सट्ट्यातून कोण उठवणार?

५. ज्ञानाचा गुणाकार

धंद्याने हे केव्हाच ओळखले आहे. म्हणून त्याने अशी वस्तू काढली की जिच्यात जाणकाराला आपले सगळे ज्ञान एकाच चिठ्ठीवर ओतता यावे. तिचे नाव पार्ले. अनेक पैजा एकत्र बांधायच्या, सगळ्या बरोबर आल्या तरच पैसे. एकाच सामन्यातला पार्ले तर खास चाहत्यासाठी: एडमंटनचा मॅकडेव्हिड गोल करेल, एकूण गोल साडेसहाहून कमी राहतील, एडमंटन जिंकेल.

१.९१ च्या सरळ पैजेत, शक्यता निम्मी-निम्मी असताना, दुकान शंभर डॉलरमागे साडेचार ठेवते. चार पैजा बांधल्या तर भाव १३.३ मिळतो, खरा हवा १६. आता दुकान शंभरातले जवळजवळ १७ ठेवते. खरोखरच्या तरबेजाचा फायदाही याच गुणाकाराने वाढतो, हे खरे. पण एकाच सामन्यातल्या गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे तिथे साधा गुणाकार चालत नाही. भाव संगणक लावतो आणि तुलनेला दुसरा भाव बहुधा नसतोच. ग्राहकाला आपण काय किमतीला काय घेतले हे कळण्याचा मार्गच बंद.

कॅनडाचा जुना कायदा या बाबतीत मासलेवाईक होता. २७ ऑगस्ट २०२१ पर्यंत तिथे एका सामन्यावर कायदेशीर पैज लावताच येत नव्हती. प्रांतिक लॉटरी विकत असे ते एकापेक्षा जास्त सामन्यांचे तिकीट. म्हणजे सरकारच नागरिकाला वाईट भावाची वस्तू घ्यायला लावत होते, तेही त्याच्या हिताच्या नावाखाली.

६. आक्षेप

‘व्यावसायिक सट्टेबाज कमावतातच ना?’ काही जण कमावतात आणि माझा मुद्दा त्यांच्यामुळेच पक्का होतो. ते संघ निवडत नाहीत, चुकलेला भाव निवडतात. सामना सुरू होताना भाव आपल्या बाजूला सरकला की नाही यावर ते स्वतःला जोखतात, कोण जिंकले यावर नव्हे. असा माणूस ओळखू आला की अनेक कंपन्या त्याची पैजेची मर्यादा काही डॉलरवर आणतात. २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या गेमिंग कमिशनला हा विषय चर्चेला घ्यावा लागला. भाव ओळखणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचे आणि खेळ ओळखणाऱ्याला बोनस देऊन बोलवायचे, यातच कोणाचे ज्ञान कोणाच्या उपयोगाचे ते स्पष्ट होते.

‘२०१९ च्या सेंट लुईसचे काय?’ हा आक्षेप दर वर्षी येतो. ३ जानेवारीला ब्लूज लीगमध्ये तळाला होते आणि जूनमध्ये त्यांनी कप जिंकला. एका चाहत्याने २५० ला १ भावाने ४०० डॉलर लावले होते, त्याला एक लाख मिळाले. छान झाले. पण २५० ला १ हा भाव चांगला होता की वाईट, हे त्या एका निकालावरून मुळीच कळत नाही. लॉटरी लागलेल्या माणसाला तिकीट स्वस्तात मिळाले होते असे आपण म्हणत नाही. त्याच्या आदल्या वर्षी व्हेगास गोल्डन नाइट्स हा कोरा नवा संघ, मोसमाआधी काही ठिकाणी ५०० ला १ भाव असलेला, थेट अंतिम मालिकेत पोचला आणि वॉशिंग्टनकडून हरला. त्या तिकिटांबद्दल कुणी बोलत नाही.

‘करमणूक आहे हो, सामन्याच्या तिकिटालाही पैसे पडतातच की.’ हा आक्षेप मला सर्वांत सशक्त वाटतो. वीस डॉलर लावून कंटाळवाणा सामना रंगतदार झाला तर कुणाचे काही बिघडले नाही. फक्त सामन्याच्या तिकिटावर किंमत छापलेली असते. इथे सरळ पैज लावणारा आणि पार्ले बांधणारा यांना वाटते की आपण एकच करमणूक घेतोय, प्रत्यक्षात दुसरा जवळजवळ चौपट किंमत मोजत असतो. शिवाय करमणूक म्हणून पैसे देणारा माणूस मध्यरात्री गेलेले पैसे परत मिळवायला बसत नाही.

‘मग बंदीच घाला.’ भारताने ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर ती घातली आणि कौशल्य की नशीब हा जुना भेदच मोडीत काढला. त्याआधी आपली न्यायालये याच भेदावर विसंबून होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ ठरवले ते असेच. तो भेद मोडला हे मला योग्य वाटते, कारण खेळात कौशल्य असले म्हणून पैजेत ते असेलच असे नाही. बंदीबद्दल मात्र माझी खात्री नाही. मुंबईने मटक्यावरची बंदी अनेक दशके पाहिली आहे. बंदी असताना भाव आणखी काळोखात जातो.

७. लीगचे दोन चेहरे

२०१२ मध्ये न्यू जर्सीने सट्टा खुला करायचे ठरवले तेव्हा त्याविरुद्ध कोर्टात गेलेल्यांत नॅशनल हॉकी लीगही होती. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ चा बंदी कायदा रद्द केला आणि ऑक्टोबरात लीगने एमजीएम या कॅसिनो कंपनीशी करार केला. पाच महिन्यांत तत्त्व बदलले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओटावाचा खेळाडू शेन पिंटो याला सट्ट्याशी संबंधित वर्तनासाठी ४१ सामन्यांची बंदी झाली. त्याने लीगच्या सामन्यांवर पैज लावल्याचा पुरावा नाही, असेही लीगनेच सांगितले.

ओंटारिओत एप्रिल २०२२ पासून खासगी कंपन्या आल्या आणि वेन ग्रेट्झ्की व कॉनर मॅकडेव्हिड हे हॉकीपटू त्यांच्या जाहिरातींत दिसू लागले. मिसिसॉगा-ब्रॅम्प्टनला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला हॉकीच्या आधी हॉकीचा सट्टा भेटला असेल, तर नवल नाही. फेब्रुवारी २०२४ अखेर प्रांताने खेळाडूंना अशा जाहिरातींतून बाद केले, ‘जबाबदारीने खेळा’ सांगण्याची सवलत ठेवून. ग्रेट्झ्कीला वगळले, जाहिरातीतला चेहरा गेला. ‘तुम्हाला खेळ कळतो, मग कमवा’ हा संदेश जागच्या जागी आहे, कारण तो चेहऱ्यात नव्हता.

८. चिठ्ठीवर काय हवे

नियम करणाऱ्यांनी पैज लावण्याआधी पडद्यावर एकच आकडा सक्तीचा करावा: या भावाने दुकान शंभर डॉलरमागे किती ठेवते. सरळ पैजेखाली ४ किंवा ५ दिसेल, चार कलमी पार्लेखाली १७, एकाच सामन्यातल्या पार्लेखाली बहुधा त्याहून जास्त. हेल्पलाइनचा क्रमांक आजही दिसतो, पण तो आजाऱ्यासाठी असतो. हा आकडा धडधाकट, हॉकी कळणाऱ्या माणसासाठी आहे. कंपन्या म्हणतील, सामना चालू असताना भाव क्षणाक्षणाला बदलतो, दर वेळी मार्जिन कसे दाखवणार? पण जो संगणक मॅकडेव्हिडच्या गोलाचा, एकूण गोलांचा आणि एडमंटनच्या विजयाचा एकत्रित भाव डोळ्याचे पाते लवायच्या आत काढतो, त्याला आपले मार्जिन आधी ठाऊक असावेच लागते. ते धरल्याशिवाय त्याला भाव काढताच येत नाही.